घोट्यापर्यंत

टूसानमध्ये जुलैत, दुपारी तीनला,
मोटरसायकलचं स्टँड डांबरात रुततं.
म्हणून मी डिकीत चेपलेला सोड्याचा कॅन ठेवते,
स्टँडखाली सरकवायला.

पायांसाठी असं काही नव्हतं.
पाच महिने कॅनव्हासचे बूट घालून चालवली.
इंजिनची धग नडगीला, रस्त्याची तळव्यांना.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय
हे मला कुणावर चिडून कळलं नाही,
लाल सिग्नलला थांबून कळलं.

वेंडेलच्या दुकानात एसी खोकतो.
तो फळीवरून तीन जोड उतरवतो,
स्टुलावर बसताना डावा पाय सरळच ठेवतो.
"हा जाळीचा. वारा खेळतो आत. पण घोटा दाबून बघ."
अंगठा सरळ आत जातो,
पिकल्या पेरूत जावा तसा.

दुसरा गुडघ्याखालपर्यंत, आत ढाल, बाहेर तीन बक्कल.
घालून उभी राहिले तर पाय फौजदाराचा
आणि आत भाजायला ठेवलेलं वांगं.
"हा घेतलास तर एकदाच घालशील," वेंडेल म्हणाला,
"मग कपाटात राहील. कपाटातला बूट
कुणाचंच हाड वाचवत नाही."

तिसरा.
बारीक भोकं पाडलेलं कातडं,
घोट्याला दोन्हीकडून कडक वाट्या,
डाव्या चवड्यावर गिअरसाठी जादा ठिगळ,
नाडीला खिसा, खटक्यात अडकू नये म्हणून.
"ओला पंचा पिळतात तसा पीळ," तो म्हणाला.
पिळला. पिळला गेला नाही.
"बस. जो बूट पिळवतो, तो पायही पिळू देतो."

आणि हे त्यानं मला सांगावं!
एकवीस वर्षं मी एक्स-रे काढते.
चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत,
घोटे राहतात.
चपलांवरून आलेले घोटे, अनवाणी आलेले,
"इथे कोपऱ्यापर्यंतच तर चाललो होतो" म्हणणारे.
मी त्याच्या सरळ पायाकडे बघत विचारलं,
"प्लेट आणि सात स्क्रू?"
तो हसला. "आठ. एक आत मोडलाय.
बर्फ आणायला निघालो होतो, दोन मैल.
पायात स्लिपर. एकशे बारा होतं ना त्या दिवशी."
कदाचित तो काचेवर मीच धरला असेल.
आम्ही दोघांनीही तारीख विचारली नाही.

मला दादांची राजदूत आठवली.
सोलापूरचा मे, पायात अंगठ्याची चप्पल,
डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळंनिळं
गिअर वर उचलून उचलून.
आई बूट घ्या म्हणायची.
ते म्हणायचे, पायाला वारा लागला पाहिजे.
वारा लागला. नख गेलं.
बाकी पाय शेवटपर्यंत शाबूत राहिले,
हेही सांगायला हवं,
नाहीतर ही कविता आरोग्य खात्याची होईल.

दोनशे चाळीस डॉलर.
वर लोकरीचे पातळ मोजे, त्यानं आग्रहानं दिले.
या उन्हात लोकर? मी खो खो हसले.
"घाम पिते," तो म्हणाला. "सुताचा मोजा घाम
नुसता सांभाळून ठेवतो."

नवा जोडा चावतोच. टाचेला दोन दिवस चावला.
घाम येतो, नाही कशाला म्हणू,
संध्याकाळी पाय बाहेर काढते तेव्हा
बोटं आंघोळीत विसरलेल्या पोरासारखी सुरकुतलेली असतात.
पण सिग्नलला पाय टेकवते
तेव्हा रस्ता आता रस्त्याच्या जागी असतो,
माझ्या हाडांपासून चार बोटं लांब.

रात्री बूट दाराबाहेर वाळत घालते.
सकाळी उलटे करून पायरीवर आपटते,
कारण इथे विंचू फार, आणि त्यांनाही
सावली, कातडं, घोट्यापर्यंतची भिंत आवडते.
आज काही निघालं नाही.
एक मोजा फक्त. कालचा.
अजून ओलसर.